अंगाईची तिसरी ओळ

नाताळाच्या गाण्यांपैकी तुला सगळ्यात आवडतं कोणतं आणि सगळ्यात नावडतं कोणतं, असं माझ्या मुलीनं परवा सकाळी चहा पिताना विचारलं. तिच्या ऑफिसात तसली यादी चालली होती. दोन्ही गाणी कागदावर लिहून फळ्यावर टाचायची आणि मग एकमेकांची चेष्टा करायची. डिसेंबर आला की माणसांना असलं काहीतरी सुचतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आवडतं म्हणून मी काहीतरी सांगून टाकलं. नावडत्याला मात्र माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अंगाई."

"अंगाई?" तिनं कप खाली ठेवला. "आई, ती तर तुझीच. मला झोपवताना रोज तीच म्हणायचीस की."

ते खरं होतं, आणि दुखणं नेमकं तिथंच आहे. पण ते सांगायचं तर आधी कानाबद्दल सांगायला हवं.

'कान' हे आमच्या कारखान्यातल्या एका माणसाचं नाव पडलं होतं. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. "कान आला का?", "कान जेवायला बसलाय", "मला काय विचारता, कानाला विचारा", असं चालायचं. तोंडावर सगळे त्यांना दादा म्हणायचे. माझ्यापेक्षा ते सतरा वर्षांनी मोठे. त्यांना हे नाव माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण कुणी चुकून मोठ्यानं म्हटलं तर ते न ऐकल्यासारखं करायचे. ज्याला शेजारच्या खोलीत सुई पडलेली ऐकू येते त्यानं न ऐकल्यासारखं करणं म्हणजे कौतुकच.

आमच्याकडे गाणाऱ्या पेट्या व्हायच्या. तळहातावर मावेल एवढी लाकडी पेटी, खाली चावी, आत पितळेची नळी. नळीवर बारीक काटे बसवलेले असतात. नळी फिरली की काटे पोलादी फणीचे दाते उचलतात आणि सोडतात, आणि गाणं वाजतं. वर्षभर वाढदिवसाचं, लग्नाचं असं काहीबाही चालायचं, पण खरा हंगाम नाताळाचा. दर वर्षी तीन गाणी, आलटून पालटून. त्यांना आमची आमची नावं होती: घंटावालं, उंटवालं, मेंढरांचं, अंगाई. अंगाई म्हणजे गव्हाणीत निजलेल्या बाळासाठी त्याची आई गाते ते गाणं. चारच ओळी, पण त्यातली तिसरी ओळ वर चढते आणि चौथीत पुन्हा खाली येऊन निजते.

माझं काम पट्टीचं. चौकड्यांच्या कागदाची लांब पट्टी घ्यायची. आडव्या अठरा ओळी, म्हणजे फणीचे अठरा दाते. जिथं सूर हवा त्या घरात भोक पाडायचं. ती पट्टी एका नळीला गुंडाळून त्याबरहुकूम हातानं काटे बसवायचे की झाला नमुना. तो दादांनी ऐकायचा. त्यांनी पास केला की तीच पट्टी यंत्रावर चढायची, आणि मग त्या वर्षीच्या सगळ्या नळ्यांना तीच भोकं पडायची. नमुन्याची नळी आम्ही ठेवत नसू, काटे उपटून पितळ पुन्हा कामाला घेत असू. नंतर खाली दोन बायका प्रत्येक पेटी वाजवून बघायच्या, पण त्या फक्त सगळे दाते वाजतात की नाही एवढंच बघायच्या. गाणं बरोबर आहे की नाही हे एकदाच ठरायचं, आणि ते एकटा कान ठरवायचा.

दादांचं ऐकणं बघण्यासारखं असे. खिडकी लावायचे. मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर कुणाच्या तरी हातात द्यायचे, कारण त्याची टिकटिक मध्ये येते. पेटी उघड्या टेबलावर ठेवून शेजारी तळवा टेकायचे. मग तीनदा ऐकायचे. पहिल्यांदा सुरांसाठी, दुसऱ्यांदा चालीसाठी. तिसऱ्यांदा कशासाठी, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं, दोनदा नोकरीचं झालं. एकदा माझं नको का?" मग कार्डावर पट्टीचा नंबर, 'ऐकलं' एवढा एक शब्द आणि सही.

चर्चमध्ये गाणारी मंडळी होती, त्यांना सूर द्यायचं कामही दादांचं. गाणं सुरू व्हायच्या आधी ते पहिल्या रांगेतून एक सूर हळूच गुणगुणायचे आणि बाकीचे वीस जण तो उचलायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुसऱ्या रांगेत असायच्या. त्या म्हणायच्या, "या माणसाशी भांडायचीसुद्धा चोरी. मी आवाज चढवला की म्हणतो, आज अर्धा सूर वर लागलाय तुझा."

सुट्टीच्या आदल्या दिवशी कारखान्यात एक रीत होती. काम बंद करून सगळ्यांनी खालच्या खोलीत जमायचं आणि प्रत्येकानं आपलं आवडतं आणि नावडतं गाणं सांगायचं. ज्याचं जे नावडतं, तेच आधी त्याच्या कानाशी वाजवायचं. दादांचं नावडतं कायम घंटावालं. "भांडी घासायला बसलेत सगळे," म्हणायचे. आवडतं अंगाई. माझंही अंगाई.

मला काम करताना गुणगुणायची खोड होती. दादा जाता जाता थांबायचे, दोन्ही कानांत बोटं घालायचे आणि म्हणायचे, "तुझे हात सुरात आहेत गं, गळ्याकडे मात्र देवानं बघितलंच नाही." अंगाईच्या तिसऱ्या ओळीत माझा आवाज पोचायचा नाही. जिथं सगळ्यात वरचा सूर लावायचा तिथं मी एक पायरी आधीच थांबायचे आणि परत फिरायचे. दादांनी मला ती जागा चार वेळा गाऊन दाखवली असेल. मी मान डोलवायचे आणि पुन्हा तशीच गायचे. घरी मुलीला थोपटताना तर कुणी चूक धरणारं नव्हतंच.

हातांबद्दल मात्र ते खरंच बोलत होते. सहा वर्षांत माझी एकही पट्टी दुसऱ्यांदा करावी लागली नव्हती. मालकांनी हे एकदा चारचौघांत बोलून दाखवलं, तेव्हापासून माझं डोकं जरा ताळ्यावर राहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाची पट्टी परत आली की मी चेहरा दुःखी करायचे. आतून काय वाटायचं ते आता सांगायला हरकत नाही, बरं वाटायचं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये अंगाईचा नमुना झाला, दादांनी ऐकला, कार्डावर सही केली. पट्टी यंत्रावर चढायची होती. ती माझ्या टेबलावर होती आणि तिच्यावर मी डिंकाची वाटी ठेवली. का ठेवली? जागा होती म्हणून ठेवली. वाटीच्या बुडाला डिंक होता. उचलायला गेले तर पट्टीचा वीतभर तुकडा वाटीबरोबर निघाला आणि सोडवायला गेले तर त्याचा लगदा झाला.

नियम साधा होता. नवी पट्टी म्हणजे नवा नंबर, नवा नमुना, आणि कानानं पुन्हा ऐकायचं. दोन दिवसांचं काम. मालक रागावले असते तरी किती, एक दिवस तोंड फिरवून बसले असते. पण माझी सहा वर्षं मोडली असती. ज्यांच्या पट्ट्या परत आल्या म्हणून मी चेहरे करत होते, त्यांनी आता माझ्याकडे बघून तसेच चेहरे केले असते. मी दार लोटलं, जुनी पट्टी खिडकीच्या काचेवर धरली, तिच्यावर कोरा कागद ठेवून भोकन् भोक उतरवून घेतलं. फाटलेला तुकडा तिसऱ्या ओळीचा होता. तिथं उतरवून घ्यायला काही नव्हतं. मूळ सुरांचा कागद मालकांच्या कपाटात होता. तो मागायचा म्हणजे कशाला हवा ते सांगायला हवं. मला गाणं पाठ होतं. मी मनात म्हणत म्हणत तेवढी भोकं पाडली, नवीन पट्टीवर जुनाच नंबर घातला आणि जुनी घरी नेऊन जाळली. हे सगळं पाऊण तासात झालं. हात जरासुद्धा कापला नाही, हे मला आजही खटकतं.

मनात म्हणत म्हणत पाडली, असं मी वर लिहिलं. कुणाच्या गळ्यानं म्हणत होते हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबरात पेट्या दुकानांत गेल्या. त्या वर्षी अंगाई भलतीच खपली, घरोघरी गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संगीत शिक्षकाचं पत्र आलं, सोबत पेटी. तिसऱ्या ओळीतला वरचा सूर एक घर खाली लागतो, एवढंच लिहिलं होतं, तेही सौजन्यानं.

मालकांनी दादांना आणि मला वर बोलावलं. पेटी वाजवली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी लागली आणि मला माझाच आवाज ऐकू आला. माझ्या घरातला, मुलीच्या उशाशी बसून काढलेला.

दादांनी खिडकी लावायला सांगितलं, घड्याळ काढलं, पुन्हा ऐकलं. "सूर चुकलाय," ते म्हणाले. "पण मी ऐकलं तेव्हा बरोबर होता."

मालकांनी कार्ड पुढे ठेवलं. मग पट्टी. नंबर जुळत होता, खाली 'ऐकलं' होतं, सही होती. मालक तसे वाईट नव्हते. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मध्ये पट्टी बदलली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, सगळेच बोलतात. तब्येतीचं, वयाचं, सासरची माणसं आवडल्याचं. पण हा एक शब्द वेगळा होता. तो बोलताना मला ठाऊक होतं की समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवणार आहे. दादांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं बघितलं असतं तर मी तिथंच कोसळले असते, सगळं ओकून टाकलं असतं. ते तसे बघतच नव्हते. त्यांनी मान हलवली आणि मालकांना म्हणाले, "हिची पट्टी म्हणजे पट्टीच. हिनं नाही म्हटलं म्हणजे नाही. मग माझाच कान गेला असणार."

त्यांना कुणी काढलं नाही. मालकांनी उलट राहायला सांगितलं. पण दादा म्हणाले, ज्या कामाला कान लागतो तिथं गेलेला कान घेऊन बसणं बरं नाही. त्या रविवारी चर्चमध्ये त्यांनी सूर द्यायला नकार दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. आठ दिवसांत त्यांनी एका मोठ्या लॉन्ड्रीत काम धरलं. इस्पितळांच्या चादरी धुणारी लॉन्ड्री, दिवसभर यंत्रांचा खडखडाट. "तिथं कान असला काय आणि नसला काय," असं सगळ्यांना सांगून हसत हसत गेले. मला निरोप देताना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. तू तुझं काम नीट केलंस."

सुट्टीच्या आदल्या दिवशी रीतीप्रमाणे आम्ही खाली जमलो. माझी पाळी आली. नावडतं कोणतं? "अंगाई," मी म्हटलं. खालच्या दोघींपैकी एकीनं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. दादांवर हिची किती माया, असं त्यांना वाटलं. मी तो हात फिरवू दिला.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. कारखाना कधीच बंद पडला. दादांचं घर माझ्या घरापासून बसनं सात थांब्यांवर, हे मला नेहमी ठाऊक होतं. बाजारात ते दोनदा लांबून दिसले आणि दोन्ही वेळा मला एकाएकी दुसऱ्या गल्लीत काम निघालं. वाटायचं, जुनं झालं, विसरलं असेल. पण विसरू देतंय कोण? या गावात अंगाई आता सगळे माझ्यासारखीच गातात. जी पोरं त्या पेटीवर गाणं शिकली ती मोठी झाली, त्यांनी आपल्या पोरांना शिकवलं. दुकानात, शाळेच्या व्हरांड्यात, चर्चच्या पायऱ्यांवर, तिसरी ओळ आली की सगळे गळे एक पायरी आधी थांबतात आणि परत फिरतात. एकदा न राहवून मी एका शिक्षिकेला म्हटलं, की बाई, हा सूर वर जातो. ती गोड हसून म्हणाली, "नाही हो आजी, हे गाणं असंच आहे." आपलं एक खोटं गावभर गात फिरतंय आणि आपण ते थांबवायला गेलो तर आपल्यालाच वेड्यात काढतात, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. तिला ऑफिसला उशीर होत होता. ती माझी समजूत घालेल अशी माझी आशा होती, कबूल करते. ती म्हणाली, "ते दादा आहेत अजून?"

"आहेत."

"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग." आणि पर्स उचलून गेली. स्वभावावर माझ्याच गेली आहे, कुणाला बोल लावू?

त्याच दुपारी मी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार दादांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, खांदे वाकले होते, बाकी तेच. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि इतके आनंदले की मला जिन्यावरून परत पळावंसं वाटलं. "अगं, ये ये. अगं ऐकलंस का, कोण आलंय बघ," असं आत ओरडले. स्वयंपाकघरातून वहिनी डोकावल्या, हातात अर्धा सोललेला बटाटा. "या," एवढंच म्हणून पुन्हा आत गेल्या.

मी खुर्चीवर बसले. घरून पाठ करून आणलेलं हळू आवाजात सुरू केलं, "दादा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. स्वतः चांगलंच मोठ्यानं बोलत होते. "मला ऐकू येत नाही आता. डाव्या कानानं काहीच नाही, उजव्यानं थोडं. यंत्र दिलंय डॉक्टरांनी, ते शिट्ट्या मारतं, मी नाही लावत." मग हसून म्हणाले, "कान म्हणायचे ना मला? मला काय माहीत नव्हतं होय? तो कानच गेला बघ. कारखान्यात असतानाच सुरुवात झाली. त्या अंगाईच्या वेळेला. तेव्हाच जायला लागला होता, मला कळलं नाही."

बावीस वर्षं ते असं धरून बसले होते. मी खुर्ची पुढे ओढली. हे ओरडून सांगायचं? शेजारपाजारच्या भिंती पातळ, आत वहिनी. माझी अडचण बघून दादांनी टेबलावरची वही आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. पाहुण्यांसाठी ठेवलेलीच होती. वरच्या पानावर कुणीतरी 'दूध उद्या' असं लिहिलेलं होतं.

मला हायसं वाटलं, ही लाजेतली लाज. गुपचूप लिहायचं, गुपचूप वाचायचं, पान फाडून टाकायचं. मी लिहिलं: पट्टी मी बदलली होती. तुम्ही ऐकल्यानंतर. फाटली म्हणून. तिसरी ओळ आठवून केली. मालकांना मी खोटं सांगितलं. तुमचा कान बरोबर होता.

दादांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मी शिव्यांची वाट बघत होते, त्या मला हव्या होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"अगं, मला त्याच दिवशी वाटलं होतं. पेटीतनं तू गुणगुणतेयस असं वाटलं. हुबेहूब तुझी ती जागा. मग म्हटलं, कान तर गेलाच, आता डोकंही चाललं. तूच नाही म्हणालीस ना." आणि ते हसले. मनापासून हसले. "किती बरं केलंस आलीस ते. मी बरोबर ऐकलं होतं." वहीवर बोट ठेवून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

माझ्यावर कुणी हात उगारला असता तर मी सोसला असता. त्यांचा तो आनंद मला सोसवेना.

"आता आत जा," ते म्हणाले. "हिला सांग. तू तोंडानं सांग, मी सांगितलं तर हिला वाटेल म्हातारा मनाचं समाधान करून घेतोय. त्या दिवशी घरी आलो तर ही म्हणाली, तुझा कान चुकणार नाही, त्या पट्टीवालीला जाऊन विचारते. निघालीच होती पायात चपला घालून. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, ती पोर खोटं बोलायची नाही. हिला नाही नाही ते बोललो मी. त्याची माफी मागायची राहिलीय माझ्याकडून."

मी उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. वहिनींची माझ्याकडे पाठ होती. मघापासून ओरडून बोलायची तयारी केलेली, त्यामुळे आवाज चढलेलाच निघाला. "वहिनी, पट्टी मी बदलली होती. दादांचं काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोलले."

"मला ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या. "हळू बोला." सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "मला ठाऊक होतं. त्याला सांगितलंत?"

"लिहून दिलं."

"काय म्हणाला?"

"आनंद झाला त्यांना."

"होणारच," वहिनी म्हणाल्या. "त्याचा स्वभावच तसा." बाहेरच्या खोलीत दादा एकटेच मोठ्यानं तेच वाक्य पुन्हा म्हणत होते, आम्हाला दोघींना ऐकू येत होतं. वहिनी थोडा वेळ ते ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्याचे कान धडधाकट होते. ते बिघडले लॉन्ड्रीत, त्या यंत्रांच्या आवाजानं. डॉक्टरांनी मला सांगितलंय, त्याला मी कधी कळू दिलं नाही. तो अजून समजतो की ते आधीच जात होते. आणि लॉन्ड्रीत तो का गेला, ते तुम्हाला माहीत आहे. हे लिहिलंत का त्या कागदावर?"

नव्हतं लिहिलं.

"मग लिहा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सुरी उचलली.

मी बाहेर आले. दादांनी मला बसायला सांगितलं, चहा टाकायला आत ओरडून सांगितलं आणि हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिले. मी वही ओढून घेतली, पान उलटलं आणि लिहायला लागले.